मी इथं बघितलं असतं

कुठल्याही खोलीत शिरले की चिमाजी लोमटे आधी दाराची कडी दोनदा लावून बघतात आणि मगच बसतात. कासारवाडीला स्टेशनजवळ एका शिकवणीच्या वर्गात आमची बैठक भरते, तिथं ते पहिल्यांदा आले तेव्हाही त्यांनी हेच केलं. कडी लावली, काढली, पुन्हा लावली आणि म्हणाले, "खालचा स्क्रू ढिला हाय." तो वर्ग आम्ही दोन वर्षं वापरत होतो, आणि आम्ही अकराही जण स्वतःला तपासणीतले उस्ताद समजत होतो. मला तर रागच आला.

बैठक कसली ते सांगते. आम्ही सगळे सॉफ्टवेअर टेस्टर. कुणी हिंजवडीच्या मोठ्या कंपनीत, कुणी चिंचवडच्या दहा माणसांच्या ऑफिसात. प्रोग्रामर जे बनवतात त्यातल्या खोडी, ते लोकांच्या हातात पडण्याआधी शोधायच्या, हा आमचा धंदा. खोड सापडली तर प्रोग्रामर नाक मुरडतो, आणि सुटली तर सगळं ऑफिस आमच्याकडे वळून बघतं. वरून बहुतेक ठिकाणी टेस्टर एकटाच असतो, त्यामुळे रडायलाही शेजार नाही. या कामात पंधरा वर्षं मुरलेल्या करिष्माताईंनी म्हणूनच दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्हाला एकत्र बसवायला सुरुवात केली.

बैठकीची एक रीत आहे. एकानं मास्तरांच्या खुर्चीत बसायचं आणि आपल्या हातून निसटलेला एक दोष सांगायचा. आम्ही त्याला नुसतं 'निसटलेला' म्हणतो. काय तपासत होतो, काय काय बघितलं, हे सगळं सांगायचं आणि नेमकं निसटलं त्याच्या अलीकडे थांबायचं. मग बाकीच्यांनी आळीपाळीनं एकेक वाक्य बोलायचं, मी इथं बघितलं असतं. कुणाच्याही वाक्यावर कुणी काही बोलायचं नाही. कंपनीचं नाव घ्यायचं नाही, हसायचं नाही, 'असं कसं सुटलं' हे तर मुळीच विचारायचं नाही. सगळ्यांचं झालं की खुर्चीतल्यानं उरलेलं सांगायचं आणि उठायचं.

पहिल्यांदा हे बघून मला वाटलं, भलत्याच भजनी मंडळात आलो आपण. पण माझी पाळी आली, मी खुर्चीत बसून घडाघडा बोलले, आणि त्या दिवशी थेरगावला घरी जाताना डांगे चौकात उभी राहून दोन प्लेट भेळ खाल्ली. तो दोष निसटल्यापासून आठ महिन्यांत मला नीट भूकच लागली नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

लोमटेकाका मूळचे तुळजापूर तालुक्यातले. एकोणिसाव्या वर्षी भोसरीला आले आणि एका वर्कशॉपमध्ये माल तपासायला लागले. मापाचा गेज लावायचा, पास की नापास ते सांगायचं. पुढे चाकणला पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले. तिथल्या मशीनवर कॉम्प्युटर आले तेव्हा साहेब म्हणाले, "लोमटे, तुम्ही माल तपासता ना, मग हेही तपासत जा." बस, एवढंच त्यांचं शिक्षण. मशीनसाठी नवा प्रोग्राम आला की काका वही घेऊन उभे राहायचे आणि मशीनला गोंधळात पाडायचे. भलतीच बटणं दाबायची, उलट्या क्रमानं दाबायची, मध्येच दार उघडायचं. या कामाला जगात नाव आहे, त्याची पुस्तकं आहेत, ते करणारे लाखो लोक आहेत, याची त्यांना गंधवार्ता नव्हती. पगाराच्या चिठ्ठीवर आजही माल तपासनीस असंच लिहिलेलं आहे.

आमच्यातला सुजित त्या कारखान्यात एक प्रोग्राम बसवायला गेला होता. त्यानं काकांची वही चाळली आणि तिथंच ओरडला, "काका, आम्ही हेच करतो राव! तुम्ही टेस्टर आहात!" काका म्हणाले, "असू द्या. कुणाला सांगू नका." त्यांना वाटलं, काहीतरी चुकलं.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये सुजितनं त्यांना बैठकीला आणलं. पहिली पाळी संपवून कंपनीच्या बसनं थेट आले होते. अंगात आकाशी गणवेश, हातात गूळ-शेंगदाण्याचा पुडा. मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले. ओळख करून द्या म्हटल्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "मला वाटायचं, असलं काम जगात मी एकटाच करायलोय." आम्ही हसलो. ते हसले नाहीत. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण माझं डोकं तेव्हा शेंगदाण्यात होतं.

पुढचे पाच महिने त्यांनी एकही बैठक चुकवली नाही आणि ते एक शब्दही बोलले नाहीत. वहीत लिहून घ्यायचे. माझ्याशी मात्र त्यांची गट्टी जमली, कारण मी सगळ्यात लहान आणि सगळ्यात तोंडाळ. मला 'सृष्टीबाय' म्हणायचे. त्यांच्या घरी पिंपळे गुरवला मी जेवायला गेले, तर सावित्रीबाई, म्हणजे काकू, म्हणाल्या, "यांना चहा दिला तरी आधी कप उचलून खालून बघत्यात. लग्नात मंगळसूत्राची गाठपण वढून बघितली होती." काका नुसते मान खाली घालून भाकरी मोडत राहिले. चेष्टा चालू असतानाही त्या माणसाच्या चेहऱ्यावरचं एक ओझं कधी उतरायचं नाही. मी ते स्वभाव म्हणून सोडून दिलं.

दिवाळीनंतरच्या बैठकीत ते आपणहून खुर्चीत जाऊन बसले.

"पत्रा दाबायचं प्रेस मशीन," त्यांनी सुरुवात केली. "वरून जड ठोकळा खाली येतो अन् पत्र्याला आकार देतो. आत हात राहू नये म्हणून दोन बटणं असत्यात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली तरच ठोकळा खाली. पण माल लवकर निघावा म्हणून पोरं एका बटणात लाकडाची पाचर मारून ठेवत्यात, म्हणजे एक हात मोकळा. त्याचा बंदोबस्त करणारा नवा प्रोग्राम आला. मी दोन दिवस तपासला." मग त्यांनी वही उघडून चाळीस गोष्टी वाचून दाखवल्या. एकच बटण दाबलं तर, दोन्ही दाबून एक सोडलं तर, पाचर मारली तर, दार उघडं असलं तर. चाळिसावी वाचून ते थांबले. "समदं पास झालं. मी सही केली."

पहिला नंबर माझा होता. उचलली जीभ लावली टाळ्याला. "मी वीज घालवून बघितली असती," मी म्हणाले. "ठोकळा अर्ध्यावर असताना मेन स्विच बंद करायचा आणि परत चालू करायचा." वर्गात पहिली आल्यासारखी मी मान वळवून सगळ्यांकडे बघितलं.

काका माझ्याकडे बघत राहिले. रीत मोडून त्यांनी विचारलं, "हे तुझं तुला सुचलं?"

"नाही," मी म्हणाले. "करिष्माताईंनी गेल्या वर्षी इथंच सांगितलं होतं. कुठलंही काम अर्ध्यात असताना वीज घालवून बघायचीच."

"इथंच सांगितलं," काका म्हणाले. "मला कुणी सांगितलं न्हवतं." आणि ते रडायला लागले. पन्नाशी उलटलेला माणूस मास्तरांच्या खुर्चीत बसून, वही मांडीवर तशीच उघडी ठेवून रडत होता. आयुष्यात बरोबर उत्तराची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

बाकीच्यांची वाक्यं राहूनच गेली. मग काकांनी उरलेलं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मशीनवर बिरू होता, चाकणच्या पुढं भामा नदीकडच्या एका गावातला, विशीतला धनगराचा पोरगा. काकांना मामा म्हणायचा. ठोकळा अर्ध्यावर असताना वीज गेली. पत्रा सरकला होता म्हणून बिरूनं तो नीट करायला आत हात घातला. दहा सेकंदांत वीज परत आली. प्रोग्रामला आठवत होतं की काम अर्धं राहिलंय. त्यानं कुणाच्याही बटणाची वाट न बघता ते पुरं केलं. बिरूच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

"आमच्या शॉपात दिवसातून तीनदा वीज जायची," काका म्हणाले. "इतकी रोजची गोष्ट, की ती यादीत लिहायची असती हे ध्यानातच आलं नाही."

बिरूला दवाखान्यात नेल्यावर त्याच संध्याकाळी काकांनी मशीनवर तसंच करून बघितलं. वीज घालवली, आणली, ठोकळा आपोआप खाली आला. तीनदा केलं, तीनदा आला. बटणात पाचर नव्हती, ती खालच्या खोक्यात पडलेली त्यांनी स्वतः बघितली होती. त्यांनी जाऊन साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "लोमटे, तपासून सही कुणी केलीय?" चार दिवसांत गुपचूप प्रोग्राम बदलला, आणि चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं की कामगारानं पाचर मारली होती, चूक त्याची. काका गप्प बसले. सही त्यांची होती, नोकरी त्यांची होती, पोरं शिकत होती. आणि विचारायला दुसरं कुणी नव्हतं. आपल्या जागी दुसऱ्या कुणाला हे सुचलं असतं का, एवढं एक सांगणारं माणूसही त्यांना नऊ वर्षांत भेटलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही स्वतःच स्वतःला.

बैठक संपल्यावर मी त्यांच्याजवळ गेले. तेच म्हणाले, "सृष्टीबाय, बरं झालं बोललीस. नऊ वर्षं मला वाटायचं, माझ्या डोक्यातच खोट हाय. आता कळलं, खोट एकटं असण्यात होती." त्यांना बरं वाटलं होतं की आणखी वाईट, ते मला अजूनही ठरवता येत नाही. दोन्ही असेल.

जानेवारीच्या बैठकीत त्यांनी आमच्याकडे एक गोष्ट मागितली. आजवर त्यांनी आमच्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट.

"बिरूला खरं सांगायचंय," ते म्हणाले. "सगळ्यांनी इतक्यांदा सांगितलंय की त्यालाच आता वाटतंय, आपण पाचर मारली असंल. गावात त्याला धांदरट म्हणत्यात. त्याची आईपण म्हणती. मी दोनदा चाकण चौकापर्यंत जाऊन माघारी आलो. मी एकट्यानं सांगितलं तर तो म्हणंल, मामा माझं मन राखायलेत. तुम्ही चार जाणती माणसं सोबत आला तर त्याला पटंल. त्याच्या आईला पटंल."

आम्ही सगळे हो म्हणालो. करिष्माताईंनी त्याच आठवड्यात एक पानभर कागद लिहिला. मशीन काय होतं, प्रोग्राम कसा चुकला, तो तपासायची रीत काय, आणि शेवटी स्पष्ट मत की दोष प्रोग्रामचा आहे, कामगाराचा नाही. खाली अकरा जणांच्या सह्या. कागद जानेवारीतच तयार होता, हे मला मुद्दाम सांगायचंय.

काकांची सुट्टी गुरुवारी, कारण चाकणचे कारखाने गुरुवारी बंद असतात. आमची शनिवार-रविवारी. म्हणजे कुणीतरी रजा टाकायला हवी होती. जानेवारीत करिष्माताईंचं मोठं काम ग्राहकाकडे जायचं होतं. फेब्रुवारीत काका म्हणाले, "मीच रविवारची रजा टाकतो," तर त्या रविवारी मी तपासत असलेला प्रोग्राम लोकांसाठी बाहेर पडायचा होता आणि मी दिवसभर लॅपटॉपला चिकटून होते. मार्चमध्ये कुणाला रजा मिळते? एप्रिलही तसाच गेला. काका कधी चिडले नाहीत. बैठकीत माझ्या शेजारी बसायचे, शेंगदाणे पुढं करायचे आणि हळूच विचारायचे, "ह्या गुरुवारी जमंल का?" मी म्हणायचे, "पुढच्या नक्की, काका." तोंडाळ माणसाची जीभ अशा वेळी फार गोड होते.

एकदा मी त्यांना म्हणालेही, "नऊ वर्षं थांबलंय, आणखी महिनाभरानं काय बिघडतंय?" चेष्टेत म्हणाले होते. ते म्हणाले, "ते बी खरंच."

मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आम्ही गेलो. करिष्माताई, सुजित, मी आणि काका. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. सुजितच्या गाडीचं दार त्यांनी दोनदा लावून बघितलं आणि मग वाटेत कुणाशी बोलले नाहीत. चाकण चौकात गाडी अडकली तेव्हा मी आरशात त्यांच्याकडे बघितलं. ते डोळे मिटून बसले होते.

बिरूचं घर पत्र्याचं, पुढं चार शेळ्या. तो आता एका गोदामाच्या फाटकावर पहारा करतो. काकांना बघून धावत बाहेर आला. "मामा! किती वर्सांनी! या की, या." त्यानं डाव्या हातानं खाटेवर चादर पसरली, डाव्या हातानं पाणी दिलं. डोकं तुळतुळीत केलेलं होतं आणि त्यावर नुकते कुठं बारीक केस उगवत होते. आमच्यातल्या कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. चौघं टेस्टर, एकाच्याही नाही.

काका बसलेसुद्धा नाहीत. उभ्यानंच सगळं बोलले. वीज, ठोकळा, खोक्यात पडलेली पाचर, संध्याकाळी तीनदा केलेली खात्री, साहेब, सही. करिष्माताईंनी कागद वाचून दाखवला आणि त्याच्या हातात दिला. बिरूनं तो अंगठा आणि उरलेल्या एका बोटात धरला.

"म्हंजी पाचर न्हवती?"

"न्हवती, बिरू."

"मला वाटायचं, असंल मारली. समदीच म्हणत्यात म्हटल्यावर असंलच." तो कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आयला सांगायला पायजे व्हतं."

"कुठं हायेत गवराबाई?" काकांनी विचारलं.

बिरूनं घरात बोट केलं. भिंतीवर फोटो होता, नवा कोरा, त्याला झेंडूचा सुकलेला हार. "पाडव्यानंतर आठ दिसांनी गेली. आजारी न्हवती काय न्हवती." त्याचा आवाज शांत होता, आणि तेच मला सहन होईना. "आय म्हणायची, बिऱ्या, तुला जल्मापासनं धीर न्हाई, म्हणून हात घालवलास. लई लागायचं मला. पर तिचं बी काय चुकलं? जायच्या आदल्या दिशी बी म्हणली, नातवाला मशीनीवर घालू नगंस, त्यो बी तुझ्यागत घाई करंल."

गुढीपाडवा मार्चच्या शेवटी झाला होता. मी मनात हिशोब केला. जानेवारीत कागद झाल्यावर उरलेले दोन-तीन गुरुवार होते, फेब्रुवारीत चार आणि एक रविवार, मार्चमध्ये आणखी चार. त्यातल्या कुठल्याही दिवशी ती बाई या दारात शेळ्यांना पाला टाकत बसलेली असणार. आमचे सगळे प्रोग्राम वेळेवर बाहेर पडले होते. त्यातला एकही आज कुणाला आठवत नाही. आणि आम्ही अकरा सह्यांचा कागद घेऊन वरातीमागून घोडं नाचवत आलो होतो.

काका खाटेच्या कडेला बसले. आमच्याकडे त्यांनी बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. ओरडले असते तर आणखी बरं झालं असतं.

"मामा," बिरू म्हणाला, "मला सांगितलंत तसं तिच्यापुढं सांगा. हितं हुबं ऱ्हावून सांगा. ऐकायचं तर तिलाच व्हतं."

काका उठले. फोटोसमोर गेले, हात जोडले, आणि वर्गातल्या खुर्चीत बसून सांगतात तसंच सांगायला लागले. त्यांना दुसरी रीत येतच नव्हती. "मी चिमाजी लोमटे. पत्रा दाबायचं प्रेस मशीन. दोन बटणं. मी दोन दिवस तपासलं." चाळीसच्या चाळीस गोष्टी त्यांना पाठ होत्या. गवराबाई फोटोतून समोर बघत होत्या आणि बिरू दारात उभा राहून एकेक ऐकत होता. चाळिसावी झाली आणि काका नेहमीच्या जागी थांबले.

कुणी सांगितलं नाही, पण करिष्माताई पुढं झाल्या. हात जोडून फोटोला म्हणाल्या, "मी वीज घालवून बघितली असती." सुजित म्हणाला, "मीही वीज घालवून बघितली असती."

मग माझा नंबर आला. या वेळी मला उत्तर सुचायला वेळ लागला.

"मी जानेवारीत आले असते," मी म्हणाले.

रीत अशी आहे की कुणाच्याही वाक्यावर कुणी काही बोलायचं नाही. कुणी काही बोललं नाही.